मोपाहून विमानप्रवास: एक उंच, एक रुंद. सीट कोणत्या घ्यायच्या?

म्हापशेकर_७७

चवथ झाली की घरातले दोघे गोव्यातल्या मोपाहून निघणार आहेत. भाऊ १९३ सेंमी उंच, अंगानं बारीक. काका १७० सेंमी, वजन १३२ किलो. आधी मोपा–पुणे, ते एटीआर, म्हणजे छोटं पंख्यांचं विमान आहे. नंतर मोपा–दिल्ली, त्यात एका कंपनीचं एअरबस ए३२० आणि दुसरीचं बोइंग ७३७, भाडं जवळपास सारखंच. दिल्लीहून काका एकटेच पुढे लंडनला जातील.

घरी सगळ्यांचं एकच पालुपद, दोघांनाही एक्झिट रो (आपत्कालीन दाराजवळची, पायांना जास्त जागा असलेली ओळ) घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. हे बरोबर आहे का? आणि काकांना जादा सीट घ्यायची तर ती ऑनलाइन कशी घेतात? वेबसाइटवर एका नावावर दोन सीट निवडूच देत नाही.

तिकीटखिडकी_फोंडा

एक्झिट रो भावासाठी बरोबर, काकांसाठी चूक. जादा लांबी देणाऱ्या बऱ्याच सीट रुंदीला कमी असतात, म्हणून दोघांचं तिकीट एकाच मापानं काढू नका.

कारण साधं आहे. समोरची सीट लांब असली किंवा भिंत असली की बऱ्याचदा ट्रे समोरून उघडता येत नाही, तो आर्मरेस्टच्या पोटात घालतात. त्यामुळे तो आर्मरेस्ट जाड, पक्का आणि वर न जाणारा. काकांना तिथं मांड्या दाबून बसावं लागेल. शिवाय सीटच्या पट्ट्याला जोड लागणाऱ्या प्रवाशाला बहुतेक कंपन्या एक्झिट रोमध्ये बसूच देत नाहीत. क्रू ऐन वेळी उठवून मागे पाठवतो आणि प्रवासीच निकषात बसत नसेल तर भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत.

आधी घरी मापं घ्या. भिंतीला टेकवून स्टूल ठेवा, पाठ आणि बूड भिंतीला चिकटवून बसवा आणि भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत मोजा. ही झाली लांबी. मग नितंबांच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड पुस्तक उभं धरा आणि दोहोंमधलं अंतर मोजा. ही रुंदी. शिंप्याकडचा कमरेचा घेर इथं कामाचा नाही.

लांबीचा हिशेब: जाहिरातीतला पिच म्हणजे पायांची जागा नव्हे. एका सीटच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचं ते अंतर, त्यात पाठीची जाडीही आली. देशांतर्गत विमानांत पिच साधारण २८ ते ३० इंच. २९ इंच म्हणजे ७४ सेंमी. पातळ पाठीच्या सीटचेही ७–८ सेंमी वजा केले की ६६ उरतात. १९० सेंमीच्या वरच्या माणसाचं गुडघ्याचं माप बहुधा तिथंच येतं. म्हणजे २८ ला गुडघे टेकणार, ३० ला जेमतेम सुटणार.

रुंदीचा हिशेब: ए३२० ची सीट साधारण १८ इंच, ७३७ ची १७. दोन्हींत ओळीला सहाच सीट, पण ए३२० ची केबिन आतून ३.७० मीटर रुंद आणि ७३७ ची ३.५४. भाडं सारखं असेल तर काकांसाठी डोळे मिटून ए३२०. काही कंपन्या मात्र ए३२० मध्येही अरुंद सीट बसवून मधली वाट मोठी करतात, तेव्हा त्या कंपनीचा सीटचा आराखडा एअरोलोपासारख्या साइटवर पाहून घ्या.

दाबोळी_रॅम्प

भावासाठी एक्झिट रो घेताना कुठली, तेही पाहा. ए३२० मध्ये पंखावर प्रत्येक बाजूला दोन आपत्कालीन दारं असतात, म्हणून एक्झिटच्या ओळीही दोन. बऱ्याच कंपन्यांत १२ आणि १३. पुढची ओळ मागे रेलत नाही, कारण तिच्या पाठीमागची वाट मोकळी राहिली पाहिजे. मागची सहसा रेलते आणि तिच्यापुढचा माणूस मात्र रेलू शकत नाही. पैसे तेवढेच असतील तर मागची घ्या.

विमान बदलून ए३२१ आलं तर दारांच्या जागा बदलतात, आणि १३ नंबर ही साधी ओळ ठरू शकते. आदल्या दिवशी आराखडा पुन्हा उघडून बघा. सीटच्या पैशांची पावती वेगळी जपून ठेवा. बदल कंपनीनं केला असेल तर तो फरक मागता येतो.

आगोंद_किनारा

एवढं कशाला? दोघांना पहिली ओळ द्या. समोर कुणीच नसतं.

केबिन_गल्ली

समोर कुणी नसतं, पण भिंत असते. १९३ सेंमीच्या माणसाला पाय पुढच्या सीटखाली सरकवता येतात म्हणूनच साध्या ओळीत थोडा निभाव लागतो. भिंतीखाली पाय जात नाहीत. काही विमानांत पहिली ओळ खरंच ऐसपैस असते, काहींत गुडघे मोकळे आणि पावलं कोंडलेली. आराखडा न बघता घेऊ नये. काकांना तर तिथंही तोच जाड आर्मरेस्ट, आणि त्यातून निघणारा ट्रे थेट मांडीवर. हातातली पिशवीही टेकऑफ-लँडिंगला वर ठेवावी लागते.

आता पट्ट्याबद्दल, कारण लोक सर्वांत जास्त अडतात ते इथं. पट्ट्याचा एकच भाग लहान-मोठा होतो. बसायच्या आधीच त्याची धातूची जीभ पट्ट्याला काटकोनात धरून तो पूर्ण सैल करा. पुष्कळदा पट्टा पुरत नाही असं वाटतं, पण खरं तर तो गादीखाली अडकलेला किंवा पिळलेला असतो. पूर्ण सैल करूनही लागत नसेल, किंवा लागला तरी पोटात रुतत असेल, तर जोडपट्टा मागा. क्रूला 'एक्स्टेन्शन बेल्ट' म्हटलं की कळतं. फुकट असतो, साधारण दोन फूट लांबीचा. विमानात शिरताना दारातच हळू सांगितलं की क्रू सीटवर आणून देतो. सगळे बसल्यावर बेल दाबून मागितला की दहा माना वळतात. प्रत्येक विमानात नव्यानं मागायचा आणि उतरताना परत द्यायचा. ऑनलाइन मिळणारे स्वतःचे जोडपट्टे आणू नका. बकलची घडण सगळीकडे सारखी नसते आणि बहुतेक कंपन्या ते वापरूही देत नाहीत. पट्टा नेहमी पोटाच्या खाली, मांड्यांच्या सांध्यावर बसला पाहिजे. पोटावरून घेतला तर झटका बसल्यावर आतल्या अवयवांना इजा होते.

वाटेकडचा आर्मरेस्ट अनेक विमानांत वर होतो. बिजागरीजवळ खालच्या बाजूला बोटानं चाचपा, छोटी कळ किंवा खाच लागते. ती दाबून उचलायचा. टेकऑफ-लँडिंगला खाली करावा लागतो, मधल्या वेळेत वर. खिडकीकडचा मात्र पक्का असतो.

ट्रे काकांच्या पोटाला अडून तिरका राहील, त्यावर गरम चहा ठेवू नये. शेजारच्याचा ट्रे वापरावा, किंवा हातात धरून खाता येईल असंच मागवावं.

तिकीटखिडकी_फोंडा

जादा सीटचं आता सांगतो. वेबसाइटवर दोन प्रवासी भरून दोन्हीकडे काकांचंच नाव टाकू नका. दुहेरी बुकिंग समजून प्रणाली एक तिकीट रद्द करू शकते. काही कंपन्यांच्या साइटवर जादा सीटचा वेगळा पर्याय असतो, तो बुकिंगच्या पहिल्याच पानावर दिसतो. सीट निवडायच्या पानावर शोधत बसलात तर सापडणार नाही. नसेल तर कॉल सेंटरला फोन करा किंवा विमानतळावरच्या कंपनीच्या खिडकीवर काढून घ्या. एजंटाला एवढंच सांगा की 'ईएक्सएसटी' नोंद हवी. जादा सीटसाठीचा हा ठरलेला कोड आहे, सामानासाठीच्या सीटचा वेगळा असतो.

मग तीन गोष्टी तपासा. दोन्ही सीट एकाच पीएनआरमध्ये, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकाखाली आहेत का. दोन्हींचे नंबर लागून आहेत का, आणि मध्ये वाट तर येत नाही ना. सी आणि डी शेजारी दिसतात पण मध्ये वाट असते! आणि चेक-इनला दोन बोर्डिंग पास मिळाले का. दारावर दोन्ही स्कॅन करून घ्यायचे. दुसरा स्कॅन झाला नाही तर ती सीट न आलेल्या प्रवाशाची म्हणून मोकळी दाखवते आणि शेवटच्या क्षणी कुणाला तरी देऊन टाकतात. जादा सीट असेल तर बहुधा वेब चेक-इन होत नाही, खिडकीवर जावं लागतं, तेव्हा वेळ हाताशी ठेवून निघा.

एक हिशेब करून बघा. ए३२० च्या दोन सीट आणि मधला आर्मरेस्ट वर केल्यावरची जागा धरून साधारण ३८ इंच रुंदी मिळते. बिझनेसची सीट रुंद खरी, पण तिचे दोन्ही हात पक्के. नितंबांचं माप त्यात बसत नसेल तर जास्त पैसे देऊन कमी जागा घेतल्यासारखं होईल.

जादा सीट घ्यायची नसेल तर मधली सीट रिकामी राहील या आशेवर चवथीच्या किंवा डिसेंबरच्या दिवसांत राहू नका. पावसाळ्यात, आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारच्या विमानाला तेवढी शक्यता असते.

पेडणे_एटीआर

पुण्याच्या विमानाबद्दल कुणी बोललं नाही. गोव्याचीच फ्लाय९१ असो की इंडिगो, दोघींची एटीआर ७२-६०० आहेत. यात ओळीला २–२ सीट, मधली सीट नाहीच. केबिनची उंची वाटेत १.९१ मीटर. भाऊ १.९३, म्हणजे मान वाकवूनच चालायचं, आणि सीटवरून उठताना सामानाच्या कप्प्याची कड डोक्याला लागते. प्रवाशांचं दार मागे असतं, सामान पुढे. शिडी दाराचीच, अरुंद. काकांना कठड्याला धरून एकेक पायरी घ्यायला वेळ द्या, शेवटी चढवलं तर मागची घाई नको. आपत्कालीन दारं पुढच्या बाजूला, पहिल्या ओळीपाशी. भावाला तिथं जागा मिळाली तर बरं, पण निकष तेच.

इथं दोघांना शेजारी बसवता येईल. काका खिडकीला, भाऊ वाटेकडे, मधला आर्मरेस्ट वर. एटीआरची भिंत खांद्याच्या उंचीला आत वळते, ती उंच माणसाच्या डोक्याला आणि खांद्याला नडते, काकांना तितकी नाही. भावाला एक गुडघा वाटेत काढता येईल, फक्त ट्रॉली आली की आत घ्यायचा. काकांना जोडपट्टा लागला तरी क्रू त्यांना खिडकीलाच बसवणं पसंत करतो, दुसऱ्यांची वाट अडत नाही.

वजनाचा तोल जमवायला एटीआरमध्ये प्रवाशांना पुढे-मागे हलवतात, विशेषतः विमान अर्धं रिकामं असताना. त्यामुळे पैसे देऊन घेतलेली सीटही बदलू शकते. वाद घालू नका, दोघांना शेजारी ठेवा एवढंच सांगा. आणि टॉयलेट विमानतळावरच आटपून घ्या. एवढ्या छोट्या विमानात काकांना आत वळणंही कठीण.

म्हापशेकर_७७

माप घेतलं. भाऊ ६७ सेंमी. काका ५२ सेंमी, म्हणजे साडेवीस इंच. दिल्लीला ए३२० आणि काकांना दोन सीट, हे ठरलं. मग भाऊ त्यांच्या शेजारी बसणार नाही, चालेल ना? आणि लंडनचं काय बघायचं?

तिकीटखिडकी_फोंडा

चालेल. काकांना ए-बी, म्हणजे खिडकीची आणि मधली द्या, भाऊ एक्झिटमध्ये. दोघं एकाच ओळीत हवेत हा आग्रह सोडलात तर दोघंही सुखात जातील. भावाची बॅग मात्र वरच्या कप्प्यात. काजूची पिशवी पायाशी ठेवली की घेतलेली जागा गेली, आणि एक्झिटमध्ये ती ठेवूही देत नाहीत.

केबिन_गल्ली

लंडनसाठी भाड्याआधी विमानाचा प्रकार बघा. ७८७ मध्ये ओळीला नऊ सीट, रुंदी १७ इंचांच्या थोडी वर. ए३५० मध्येही नऊ, पण जवळपास १८. ७७७ मध्ये दहा बसवल्या असतील तर १७ च्या आसपास. साडेवीस इंच यांतल्या कशातच बसत नाही, तेव्हा जादा सीट तिथंही लागेल. ती दिल्ली–लंडन टप्प्यावर वेगळी नोंदवली गेली आहे का ते तपासा. एका टप्प्यावर घेतली म्हणून पुढे आपोआप मिळत नाही.

काकांचं दुसरं बघायचं ते पायांचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये मांडलं होतं की चार तासांहून जास्त बसून प्रवास केला की शिरांत गुठळी होण्याची जोखीम सुमारे दुपटीनं वाढते. एकूण शक्यता तरीही कमीच, साधारण सहा हजारांत एक. पण ती वाढवणाऱ्या गोष्टींत लठ्ठपणा आहे आणि १.९० मीटरच्या वरची उंचीही, म्हणजे भावालाही पुढे कधी लांब जायचं झालं तर हे लागू. दाबाचे मोजे डॉक्टरांना विचारून, पायाचं माप घेऊनच घ्यावेत. अंदाजानं घेतलेला मोजा गुडघ्याखाली गुंडाळतो आणि तिथंच शीर आवळतो. तासातासाला टाचा वर-खाली, आणि झोपेची गोळी नको.

लंडनच्या टप्प्याला त्यांना ए-बी देऊ नका, वाटेकडची आणि तिच्या शेजारची अशी जोडी घ्या. तासाला उठायचं तर कुणाला ओलांडायला नको.

दाबोळी_रॅम्प

दिल्लीचं ए३२० निवडताना विमानतळाचा कोड बघून घ्या. स्वस्त दिसलं म्हणून वेळ बदलाल आणि तिकीट दाबोळीचं निघेल. जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी.