पावसाळ्यात फिल्मची वाहकता सातपट वाढली, मी नक्की काय मोजतेय?

दांडियाबाजारकरीण, वडोदरा
नमस्कार मंडळी. एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट घन पॉलिमर इलेक्ट्रोलाइटवर (बॅटरीत द्रवाऐवजी आयन वाहून नेणारा प्लास्टिकसारखा पदर). पॉलिइथिलीन ऑक्साइड (पीईओ) हे पॉलिमर आणि लिथियम टीएफएसआय हे लिथियमचं मीठ, ऑक्सिजन-लिथियम प्रमाण २०:१. पिठल्यात बेसन वैरतो तशी पावडर अॅसिटोनायट्राइल या द्रावकात हळूहळू वैरते (घाई केली की गुठळ्या झाल्याच), रात्रभर ढवळते आणि टेफ्लॉनच्या बशीत ओतून सुकवते, की पातळ फिल्म मिळते.

मे महिन्यात ३० अंशांवर रोध १३ किलोओहम आला. जाडी १५० मायक्रॉन, क्षेत्रफळ १.१३ चौ. सेंमी, म्हणजे वाहकता साधारण १० चा उणे ६ वा घात सीमेन्स प्रति सेंमी. जुलैत तीच फिल्म, तोच सेल, तेच ३० अंश, आणि रोध फक्त १.९ किलोओहम! म्हणजे जवळजवळ सातपट. आदल्या दिवशी तापमानाच्या वाचनांसाठी ती ८० अंशांपर्यंत तापवली होती. डेसिकेटरमधलं (कोरडं ठेवायच्या बंद भांड्यातलं) सिलिका जेल ओल शोषून केव्हा गुलाबी झालं तेही माझ्या लक्षात आलं नाही. मैत्रिणी म्हणतात, चांगला आकडा आलाय, लिहून टाक. माझा हात धजत नाही.

जुना_इम्पीडन्सवाला, इंदूर
हात धजला नाही हे फार बरं झालं. पहिला संशय पाण्यावर. हे मीठ हवेतली ओल अधाशासारखं ओढतं आणि पीईओही मागे नाही. पाणी साखळ्या सैल करतं, आयनांना मोकळं करतं, आकडा फुगतो. तुमच्याकडे जुलैत पापड तासाभरात सादळतो, तिथे ही फिल्म काय कोरडी राहणार?

दुसरा संशय तापवण्यावर. पीईओ साधारण ६५ अंशांना वितळतं. लिथियमला साखळीतले ऑक्सिजन धरून ठेवतात, साखळी हलली की तो पुढच्या ऑक्सिजनांकडे सरकतो. स्फटिकात साखळ्या जखडलेल्या, त्यामुळे वहन मुख्यतः अस्फटिक भागातून होतं. हे १९८३ मध्ये बर्टिए आणि सहकाऱ्यांनी एनएमआरने (अणुकेंद्रकांच्या चुंबकीय अनुनादाने) दाखवलं. ८० अंशांवरून थंड केलेली फिल्म लगेच पूर्ववत होत नाही, स्फटिक पुन्हा बनायला तास, कधी दिवसही जातात. तोवर रोध कमीच दिसणार.

म्हणून फिल्म व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ५० अंशांवर दोन दिवस सुकव. चढत्या आणि उतरत्या, दोन्ही तापमानांची वाचनं घे. इन्फ्रारेड वर्णपट काढता आला तर ३४०० प्रति सेंमीच्या आसपास रुंद पट्टा आहे का बघ. असेल तर पाणीच.

पॅरिसमध्ये २०११ पासून भाड्याने मिळणाऱ्या विजेच्या गाड्यांत पॉलिमर बॅटरी होती, वहन पुरेसं व्हावं म्हणून ती ६० ते ८० अंशांवर ऊबदार ठेवावी लागे. खोलीच्या तापमानाला सातपट वाढ खरीच मिळाली तर आनंदच आहे, पण ती पाण्याची नको. आतला लिथियम धातू पाण्याशी अभिक्रिया करतो.

सेलबांधणी
ताई, जाडी शेवटी मोजलीत का? वितळलेली फिल्म स्प्रिंगखाली दबते. माझी १५० ची ११० झाली होती आणि मी आठवडाभर जुनाच आकडा सूत्रात घालत होते. आता कडेला टेफ्लॉनची रिंग ठेवते. आणि इम्पीडन्सच्या आलेखावरून (वेगवेगळ्या वारंवारतांना घेतलेल्या वाचनांचा) रोध वाचताना चाप उजवीकडे आडव्या अक्षाला जिथे टेकतो तो बिंदू घ्या, त्यापुढच्या तिरक्या रेषेतला नको.

दांडियाबाजारकरीण
काका, ताई, मनापासून आभार. इन्फ्रारेडमध्ये ३४५० ला भलामोठा डोंगर निघाला. सुकवल्यावर तो गेला. रिंग घालून, जाडी १५० च ठेवून पुन्हा मोजलं: चढताना ३० अंशांवर १२.८ किलोओहम, ८० वरून उतरल्याबरोबर ६.४, दुसऱ्या दिवशी सकाळी १०.९, संध्याकाळी ११.७. रोध असा परत चढताना बघून मी जागची हललेच नाही, स्फटिक जणू डोळ्यांदेखत जुळत होते.

आता प्रोजेक्टमध्ये उतरत्या फेरीचा आलेखही टाकणार आहे, आणि प्रत्येक वाचनाशेजारी ते थंड केल्यावर किती तासांनी घेतलं तेही. जुलैचे ओले आकडे वहीत ठेवलेत, तारखेसकट, लाल शाईने.

जुना_इम्पीडन्सवाला, इंदूर
तिसऱ्या दिवशीचंही वाचन घे. आणि सिलिका जेल निळं होईपर्यंत भाजून घे गं.