अनुभव धागा: वडील गेले, त्यांची सवय आपल्यात राहिली

येत्या मंगळवारी अण्णांना जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्धाची बोलणी घरात चालू असताना वाटलं, सगळ्यांना विचारावं. वडिलांचे संस्कार म्हटलं की आपण प्रामाणिकपणा, कष्ट, शिस्त असं लिहून मोकळे होतो. ते नको. त्यांची एखादी सवय सांगा, जी आज नकळत तुमच्या हातून होते. सुरुवात मी करते.

अण्णा गिरगावातल्या एका लहानशा छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. एकतीस वर्षं. शिशाचा एकेक खिळा उचलून डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, बसवायचा, अक्षर आरशात दिसावं तसं उलटं. त्यामुळे उलटं मराठी त्यांना सरळ मराठीइतकंच भरभर वाचता यायचं. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचं नाव घेताना त्यांचा आवाज बदलायचा, गवई आपल्या घराण्याचं नाव घेतो तसा. तिथलं जुनं पुस्तक हाती आलं की आधी अक्षराचं वळण बघायचे, मजकूर नंतर.

मजुरी पानावर. चूक दुरुस्त करण्यात गेलेल्या वेळेचे पैसे नाहीत. एकदा लग्नपत्रिकेत एक वेलांटी चुकली. मालक म्हणाले, छापून टाका, कोण वाचतंय. अण्णांनी जेवणाच्या सुट्टीत ती ओळ सोडवून पुन्हा जुळवली. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "त्यांच्या घरात एकदाच येणारा कागद आहे तो."

ते गेले त्या दिवशी चाळीच्या फळ्यावर कुणीतरी घाईघाईत लिहिलं होतं: भावपुर्ण श्रध्दांजली. माणसं चंदनवाडीच्या स्मशानातून परतायची होती. मी जिना उतरले, ओढणीने ते पुसलं आणि खडू घेऊन 'पू' दीर्घ केला, 'द्ध' नीट काढला. ज्यांनी लिहिलं होतं ते काका ओशाळून शेजारी उभे राहिले. म्हटलं, "काका, तुमचं काही चुकलं नाही हो. अण्णांच्या नावाखाली आहे, म्हणून." तोवर मला रडू आलं नव्हतं. तिथे आलं.

*

आमचे नाना शिवडीच्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले एक नाना. नोकरी गेली ती गेलीच. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे नाना अगदी शेवटपर्यंत म्हणायचे, "आमचा संप चालू आहे."

वाण्याकडे वर्षभराची उधारी झाली होती. नानांनी भाजी विकली, रात्रपाळीला वॉचमन म्हणून उभे राहिले आणि सात वर्षांत ती वही कोरी केली. आईला याचा राग होता, कारण माझी फी भरायच्या आधी वाण्याचे पैसे जायचे. तिचंही बरोबर होतं, हे मला आज, स्वतः आई झाल्यावर कळतं. पण त्या वाण्याने संपात एक दिवसही आमचं धान्य अडवलं नव्हतं, हे नाना विसरू शकत नव्हते. आता कुणाचे दहा रुपये जरी माझ्याकडे राहिले तरी रात्री उठून चिठ्ठी लिहून ठेवते.

*

बाबा ठाण्याला लोकलमध्ये चढायचे, बसायला मिळायचं. घाटकोपर आलं की उठायचे आणि समोर उभा असेल त्याला बसवायचे, ओळख असो नसो. मीही घाटकोपरला उठतो. इतकंच.

*

लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. माझे पप्पा प्यायचे. घरात त्यांची भीती होती आणि ती मी विसरलेले नाही. ते गेल्यावर लोकांनी मला त्यांच्याबद्दल चांगलं चांगलं सांगितलं, ते मला सहन झालं नाही.

पण एक गोष्ट खरी आहे. चाळीत पाणी पहाटे पाचला यायचं. रात्री कसेही आलेले असोत, पहाटे पप्पा नळावर असायचे, आणि आमच्या आधी टोकाच्या खोलीतल्या एकट्या आजींचे दोन हंडे भरून द्यायचे. ती वारेपर्यंत. आता माझ्याकडे चोवीस तास पाणी आहे, तरी पाचला डोळा उघडतो. शेजारच्या आजोबांच्या दारातलं दूध मी आत नेऊन देते, त्यांना वाकता येत नाही. हे पप्पांकडूनच आलं, हे मान्य करायला मला फार वर्षं लागली.

*

आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. बेस्टमध्ये कंडक्टर. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, त्यांची बस कुर्ल्याला एलबीएस रोडवर अडकली. रात्रभर ते आणि ड्रायव्हर प्रवाशांना सोडून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर पैशांची पिशवी शर्टाच्या आत बांधून चालत निघाले ते आधी डेपोत गेले, हिशेब दिला, मग घरी. आई काही बोलली नाही. तिने गरम पाणी काढून दिलं.

पण मला सांगायचंय ते सुट्या पैशांबद्दल. सुटे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो, उतरताना मागून घ्यायची. कितीतरी लोक विसरून उतरतात. दादा ते पैसे वेगळ्या डब्यात ठेवायचे, सोबत चिठ्ठी. रूट तोच, वेळ तीच, माणूस पुन्हा दिसला की हातावर ठेवायचे. ते गेल्यावर कपाटात तो डबा सापडला. सत्तावीस रुपये आहेत. मी दुकान चालवतो, माझ्या गल्ल्याशेजारीही आता तसाच डबा आहे.

*

मी, सुरुवात करणारी. दादांच्या डब्यातल्या चिठ्ठ्या तुम्ही ठेवल्या आहेत का? त्यांवर नावं आहेत का?

*

ताई, नावं त्यांना कुठून कळणार. सगळ्या ठेवल्यात, काल पुन्हा काढून बघितल्या. "निळी छत्री, सायन, २ रु." "शाळेची मुलगी, दोन वेण्या, १ रु." "म्हातारे गृहस्थ, काठी, ५ रु. गुरुवारी दिसले नाहीत."