दसऱ्याचा स्वयंपाक: तुमच्या घरच्या आठवणी सांगा

औशाची लेक
काल शेजारच्या काकूंनी येळवणीला, म्हणजे पुरणाच्या डाळीच्या कटाच्या आमटीला, फोडणी दिली आणि मी पुण्यात गॅलरीत कपडे वाळत घालता घालता थांबलेच. आमच्याकडं दसऱ्याला पहाटेच चूल पेटायची. हरभऱ्याची डाळ शिजली का, हे आज्जी चिमटीत दाणा दाबून बघायची. कणी लागली की परत झाकण. मग बांगड्या कोपराकडं सारून पाट्यावर पुरण वाटायला बसायची. नैवेद्य व्हायच्या आधी कुणी काही चाखायचं नाही. येळवणीचं मीठसुद्धा ती वासावरच ओळखायची, वाफेवर तोंड धरून. संध्याकाळी बाप्ये सीमोल्लंघन करून आले, टोपीत घटाचे तुरे खोवलेले, की ओवाळणी आणि मग पंगत. तुमच्याकडं कसं असायचं? सविस्तर लिहा.

परभणीकर
पोळीवर गुळवणी का दूध, तेवढं आधी सांगा ताई.

औशाची लेक
गुळवणी. वरून तूप.

बालाघाट
येळवणीत येसूर घातल्याशिवाय मजा नाही. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, खडा मसाला, सगळं येगळं येगळं भाजायचं अन् मग दळायचं. आमच्या अंबाजोगाईच्या आत्या अजून डबा भरून पाठवतात. दोन चमचे टाकले की आमटीला दाटपणा येतो, मसाला लागत नाही दुसरा.

तेरणाकाठ
आम्ही किल्लारीकडचे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, त्याला महिना व्हायच्या आत दसरा आला. घरात माणसं गेलेली, सण करायचाच नव्हता. मामी मात्र लोहाऱ्याहून डबा घेऊन आली, लेकरांची पोळी चुकू नये म्हणून. पालात बसून खाल्ली. आई शेवटपर्यंत जेवली नाही, मामीनं तिच्या हातात घास दिला तवा एक खाल्ला. त्या डब्याचं झाकण चेपलेलं होतं, ते आजबी डोळ्यापुढं आहे.

औशाची लेक
भाऊ, काय बोलू. तुमच्या मामींना नमस्कार सांगा.

तेरणाकाठ
सांगतो. ऐंशीच्या पुढं आहेत आता, पोळ्या अजून स्वतः लाटतात.

लातूर_गंजगोलाई
2015 चा दसरा. नळाला पाणीच नाही, बोअरचं जड पाणी. दोन तास गॅस जळाला, डाळ कणीदारच. शेवटी सासूबाईंनी प्यायला ठेवलेल्या जारमधलं पाणी काढून दिलं अन् नवी डाळ घातली. पुढच्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तवापासून पाणी सांडलं की जीव हळहळतो.

परभणीकर
जड पाण्यात डाळ लवकर मऊ पडत नाही वैनी. चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा.

लातूर_गंजगोलाई
सोड्यानं येळवणीची चव जाते हो दादा. रात्रभर भिजवलेली बरी.

संभाजीनगर_रूम_नं_4
पहिल्यांदा रूमवर केलं, चार मित्र होतो. आई फोनवर होती: "पळी पुरणात उभी राहिली पाहिजे, पडली तर अजून आटव." तीनदा पडली. चौथ्यांदा उभी राहिली तवा फोटो पाठवला. ती रडायली, काकांनी फोन घेऊन सांगितलं.

परंडा_तालुका
मागं 2025 ला दसऱ्याच्या आधीच पुराचं पाणी शेतात आलं, सोयाबीन सडलं. सरपण सगळं ओलं. आईनं निम्म्याच मापाचं पुरण केलं, पण बैलांचा घास आधी काढला. माणसापरीस त्यांनी जास्त सोसलंय म्हणली.

बालाघाट
खरंय माउलीचं.

माहूरवाट
दसऱ्यात कुरडया तळतात का तुमच्याकडं? आमच्याकडं कुरडई, भजी अन् पोळी, याच्याशिवाय ताट उचलत नाहीत. जेवल्यावर माहूरचा कुटलेला तांबूल. आणायला कुणी जायलंय का यंदा? मला दोन डबे पाहिजेत.

परभणीकर
आमचा चुलतभाऊ जायलाय नवमीला. किती डबे म्हणालात?

माहूरवाट
दोन. बहिणीला एक द्यायचाय, बाळंतीण आहे, वासानं तरी बरं वाटंल तिला.

औशाची लेक
मलाबी एक सांगा दादा. आणि बालाघाटताई, आत्यांना येसुराचं माप विचारून इथंच टाका, किलोला ज्वारी किती ते.