डिस्नेलँडच्या आधीचं नॉट्स बेरी फार्म

थीम पार्कची सुरुवात बऱ्याचदा १९५५च्या डिस्नेलँडपासून धरली जाते. पण तिथून जवळच, कॅलिफोर्नियातल्याच ब्युएना पार्कला, नॉट्स बेरी फार्म आधीपासून गर्दी खेचत होतं. मला ही गोष्ट जास्त मोलाची वाटते, कारण इथे आधी पाहुणे आले आणि पार्क नंतर.

वॉल्टर नॉट हा बेरी पिकवणारा शेतकरी. रुडॉल्फ बॉयसनने सोडून दिलेली, वाळायला लागलेली संकरित रोपं त्याने जगवली आणि फळाला नावही बॉयसनचंच दिलं. मंदीच्या काळात, १९३४ साली, त्याची बायको कॉर्डेलिया हिने स्वतःच्या लग्नातल्या चिनी मातीच्या भांड्यांत चिकनचं जेवण वाढायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी आठ गिऱ्हाइकं! पुढे तासन्‌तास रांगा लागू लागल्या. त्या लोकांचा वेळ जावा म्हणून नॉटने १९४०मध्ये जुन्या खाणगावाची प्रतिकृती उभारायला घेतली. ठिकठिकाणच्या जुन्या इमारतीही तिथे आणल्या. १९५२ साली वाफेची खरी रेल्वे आली. म्हणजे कॉर्डेलियाचा स्वयंपाक नसता तर हे पार्क उभंच राहिलं नसतं. श्रेय देताना तिचं नाव मागे पडू नये.

डिस्नेलँड शेजारी आल्यावरही नॉट्स टिकलं. १९६८पर्यंत तर तिथे प्रवेशशुल्कही नव्हतं.

नॉटच्या कामाचा पर्यटनावरचा परिणाम पाहायचा तर कॅलिको पाहा. मोहावे वाळवंटातलं हे चांदीच्या खाणींचं ओसाड गाव नॉटने १९५१मध्ये विकत घेतलं, दुरुस्त केलं आणि १९६६मध्ये सॅन बर्नार्डिनो काउंटीला देऊन टाकलं. तिथे आजही पर्यटक जातात.