टेक्स्टाइलमध्ये मास्टर्स, जर्मनी: कोर्स इंग्रजीत असेल तर जर्मन शिकायची गरज आहे का?

धोटा

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीचा, टेक्स्टाइल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आत्तापर्यंतचा सीजीपीए 7.9. घरी आठ माग आहेत, बाबा आणि काका मिळून चालवतात. म्हणजे पैशाचं सोंग आणता येत नाही, पण अगदीच हातघाईवरही आलेलो नाही.

मास्टर्ससाठी जर्मनीला जायचं डोक्यात आहे. कोल्हापुरातल्या एका कन्सल्टन्सीत गेलो होतो. ते म्हणाले, "कोर्स इंग्रजीत आहे, जर्मनची काही गरज नाही, तिकडे गेल्यावर आपोआप येते." सगळं मिळून दीड लाख फी सांगितली आणि ज्या चार युनिव्हर्सिट्या सुचवल्या त्या चारही खाजगी निघाल्या. माझे प्रश्न:

भाषा खरंच लागते का, आणि लागत असेल तर किती? इचलकरंजीत राहून कुठे शिकू? पुण्याला खोली घेऊन राहणं परवडणार नाही. कन्सल्टन्सी घ्यावी का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, पैसे किती उभे करावे लागतील? आईचा प्रश्न वेगळा आहे, तिकडे भाकरी मिळते का. त्याचं उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

ऱ्हाइनकाठचा

भावा, पहिलं वाक्य वाचूनच लॉगिन केलं. मी जयसिंगपूरचा, गेली सहा वर्षं क्रेफेल्डजवळ राहतो. तू म्योन्शनग्लाडबाखचं नाव ऐकलं असशीलच. तिथल्या होखशूले निडरऱ्हाइन या उच्च शिक्षणसंस्थेचा टेक्स्टाइल विभाग जुना आणि नावाजलेला. त्या गावाला एके काळी 'ऱ्हाइनकाठचं मँचेस्टर' म्हणत. आपल्या इचलकरंजीला 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणतात ना, तसंच. आणि आपल्यासारखीच तिथलीही कितीतरी मागांची खडखड आता बंद पडली आहे, राहिलं ते तांत्रिक कापड आणि संशोधन. आखेन आणि ड्रेस्डेनलाही वस्त्रतंत्राच्या मोठ्या संस्था आहेत. रॉइटलिंगेनची विणकाम शाळा 1855 ची, पण ते गाव बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात येतं आणि तिथे 2017 पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1500 युरो फी आहे. बाकी बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. सेमिस्टरचं साधारण तीनशे युरो शुल्क असतं, त्यात बऱ्याच ठिकाणी रेल्वे-बसचा पास येतो. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने मात्र 2024 च्या हिवाळी सत्रापासून बाहेरच्यांना चांगली जाड फी लावली आहे.

आता भाषा. वर्गात इंग्रजी चालतं, खोटं नाही. पण लॅबमधला टेक्निशियन पन्नाशीचा गडी असतो आणि तो तुझ्याशी जर्मनच बोलतो. मी पहिल्या आठवड्यात त्याच्यासमोर उभा होतो. तो 'शूस, शूस' म्हणत होता. मला वाटलं गोळीबाराचं काहीतरी बोलतोय, कारण ॲपवर शिकलेला अर्थ तोच होता. नंतर कळलं, शूस म्हणजे बाणा, कापडातला आडवा धागा. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, ते केट म्हणतात, ज्याचा एरवीचा अर्थ साखळी. आणि तुझं जे टोपणनाव आहे त्याला 'शुत्सं' म्हणतात, म्हणजे नेमबाजही तोच आणि धोटाही तोच. आठ मागांत वाढलेला पोरगा मी असतो तर हे दोन दिवसांत पाठ केलं असतं.

गावात नाव नोंदवायला जा, परदेशी नागरिकांच्या कचेरीत जा, खोली बघायला जा, सगळीकडे जर्मन. विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं (मार्च 2024 पासून वाढवलंय). पण बेकरीत पाव विकायलाही बोलावं तर लागतंच. भाषा नसली की गोदामात खोकी उचलायचं काम मिळतं, तेही रात्रपाळीला.

परतलो_पुन्हा

मी दुसरी बाजू सांगतो, गोड वाटणार नाही. मी ए1 पूर्ण करून गेलो होतो (भाषेच्या पातळ्या ए1, ए2, बी1, बी2 अशा चढत जातात, ए1 सगळ्यात खालची). मास्टर्स व्यवस्थित झालं, गुणही चांगले. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो, तो पूर्ण वापरला. चाळीसेक अर्ज, सात मुलाखती. त्यातल्या पाच ठिकाणी बोलणं इंग्रजीत सुरू झालं आणि दहाव्या मिनिटाला समोरच्याने सहज जर्मन सुरू केलं. मी अडखळलो की मुलाखत तिथेच संपायची. सगळे सभ्यपणे वागले, कुणी वाकडा शब्द बोललं नाही. पण छोट्या गावातल्या दोनशे माणसांच्या कारखान्यात मशीनवरच्या कामगाराशी कोण बोलणार?

दोन वर्षं वर्ग इंग्रजी, मित्र सगळे भारतीय, स्वयंपाक मराठी. "आपोआप येते" हे मलाही सांगितलं होतं. आपोआप फक्त 'डांकं' (आभार) आणि 'च्यूस' (येतो) येतं.

अवग्रह

मी पुण्यात सव्वीस वर्षं जर्मन शिकवली, आता निवृत्त आहे. धोटा, तुम्ही मुलं उगाच घाबरता. जर्मन ही मराठी माणसाला इंग्रजीइतकी परकी नाही, फक्त ती इंग्रजीतून शिकायची नाही. माझ्या वर्गात मी पहिल्याच दिवशी सांगायचे की इंग्रजी दाराबाहेर चपलेशेजारी ठेवा.

उच्चारापासून बघ. जर्मनमधलं झेड हे अक्षर इंग्रजी माध्यमाच्या मुलांना जन्मभर जमत नाही. तुझ्याकडे ते आयतं आहे: 'चमचा', 'चोर', 'चूल' यांतला च. 'चार'मधला नव्हे. आगगाडीला जर्मनमध्ये जो शब्द आहे तो तू डोळे मिटून 'चूक' म्हण, फक्त ऊ जरा लांबव. झाला उच्चार.

लिंगं तीन. हिंदीवाल्यांना नपुंसकलिंग म्हणजे काय हे समजावण्यात माझा एक तास जायचा, मराठी मुलांना 'तो, ती, ते' म्हटलं की संपलं. अर्थात कोणता शब्द कुठल्या लिंगाचा हे पाठच करावं लागतं. चमचा त्यांच्याकडेही 'तो', काटा मात्र 'ती' आणि सुरी 'ते'. आणि मुलगी नपुंसकलिंगी, यावर दरवर्षी वर्गात हशा पिकायचा. मग मी विचारायचे, आपण 'ते लेकरू', 'ते पिल्लू' म्हणतोच ना? शब्दाला लाडिक शेपूट लागलं की त्यांच्याकडेही 'ते' होतं.

आकडे: त्रेपन्न त्यांच्याकडे 'तीन आणि पन्नास', आधी एकक मग दशक. आपल्याकडे 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? जर्मन शाळेत अजून 'तीन आणि पन्नास'च चालू आहे.

आता खरी गंमत. 'मला थंडी वाजतेय' यात थंडी कुणाला वाजते? 'मला'. जर्मनही तेच करतो, 'मीर इस्ट काल्ट'. 'मीर' म्हणजे मला. इंग्रजीवरून शिकलेला मुलगा 'इख बिन काल्ट' म्हणतो, त्याचा अर्थ होतो मी भावनाशून्य माणूस आहे. 'मला आवडतं', 'मला वाईट वाटतं', 'माझं डोकं दुखतंय' या सगळ्यांत त्यांची चतुर्थी आपल्या 'मला'च्या आसपास फिरते. आणि पोटवाक्यात क्रियापद शेवटी. 'वाइल इख हॉइटं क्रांक बिन' याचा शब्दाला शब्द लाव: 'कारण मी आज आजारी आहे'. एकही शब्द हलवावा लागला नाही. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी पळतं, तिथे मात्र घाम फुटतो. तो फुटू दे.

'तू' आणि 'तुम्ही' हा भेदही आहे. लॅबमधल्या त्या पन्नाशीच्या गृहस्थांना पहिल्या दिवशी 'तुम्ही'च म्हण.

धोटा

काकू, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं आणि मग आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे तुला थंडी वाजते हे आधी शिक. 🙂 पण शिकायचं कुठे?

अवग्रह

तुझ्यापासून तासाभरावर कोल्हापूर आहे. शिवाजी विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात जर्मनचे वर्ग चालतात, तिथे आधी चौकशी कर. पुण्यात असतास तर फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा विभाग सांगितला असता. मॅक्सम्युलर भवनचे, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटचे, ऑनलाइन वर्ग आहेत, महाग पण नेटके. डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेचे मोफत धडे रोज अर्धा तास कर, कानाला वळण लागेल. पण एक लक्षात ठेव, वर्ग कुठेही कर, विद्यापीठाला किंवा व्हिसाला दाखवायचं प्रमाणपत्र गोएथे, टेल्क, ओएसडी किंवा टेस्टडाफ या मान्यताप्राप्त परीक्षांपैकी हवं. गल्लीतल्या क्लासचं रंगीत सर्टिफिकेट घरी भिंतीला लाव.

रोज दोन तास दिलेस तर बी1 ला साधारण वर्ष लागतं. तीन महिन्यांत बी2 अशी जाहिरात दिसली तर पान उलट.

हिशेबनीस

पैशांचं मी सांगतो. सहकारी बँकेत होतो, मुलगी ड्रेस्डेनला शिकली.

जर्मन सरकारला दाखवायची रक्कम, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट, सप्टेंबर 2024 पासून वर्षाला 11,904 युरो. युरो शंभर रुपयांनी धरला तरी बारा लाख. पण ही फी नव्हे. पैसे तुझेच राहतात, तिकडे गेल्यावर दरमहा 992 युरो हातात येतात आणि त्यातच खोली, जेवण, विमा भागवायचा असतो. घरच्यांना हे नीट समजावून सांग. आमच्याकडे सासरेबुवा महिनाभर "बारा लाख फी भरली" म्हणून सगळ्या नात्यात सांगत होते.

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं, वर गेलं की सरकारी बँका सहसा घर किंवा जमीन तारण मागतात. जुने माग दाखवून काही होत नाही, प्रयत्न करू नकोस. कर्जाची रक्कम ब्लॉक्ड अकाउंटला थेट पाठवता येते. अनुसूचित जातीतला असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघ. त्यात क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या 200 मधलं विद्यापीठ लागतं. आखेन बसतं, छोट्या होखशूले बसत नाहीत.

शिवाय एपीएस. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ही कागदपत्रांची पडताळणी सक्तीची आहे, 18,000 रुपये. आठवडेच्या आठवडे लागतात, म्हणून सगळ्यात आधी हे काम. युनि-असिस्ट (परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासून विद्यापीठांकडे पाठवणारी संस्था) मधून जाणाऱ्या अर्जांना पहिल्याला 75 युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला 30. उगाच वीस ठिकाणी अर्ज टाकत बसू नकोस.

ऱ्हाइनकाठचा

+1. आणि कन्सल्टन्सीचं म्हणशील तर सरळ हिशेब आहे. सरकारी विद्यापीठ कुणाला कमिशन देत नाही, काही खाजगी देतात. चारही नावं खाजगी का निघाली ते कळलं का? डाड (डीएएडी) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या संकेतस्थळावर सगळे कोर्स भाषेनुसार, फीनुसार शोधता येतात. एक रविवार दे त्याला.

तुझे गुण जर्मन पद्धतीत स्वतः काढ. दहातून तुझे गुण वजा कर, उत्तराला दहा वजा पासचे गुण याने भाग, तीनने गुण, एक मिळव. पासची रेघ 4 धरली तर तुझे 2.05 येतात, 5 धरली तर 2.26. त्यांच्याकडे 1 सर्वांत चांगला. बऱ्याच ठिकाणी 2.5 पर्यंत चालतं, त्यामुळे तू कुंपणाच्या आत आहेस. फक्त कॉलेजकडून पासचे किमान गुण किती हे लेखी घेऊन ठेव, नाहीतर वाटेल तो आकडा धरतील.

कोरा_करकरीत

माफ करा, मधेच घुसतोय. महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्गशी करार केला होता ना, भाषा शिकवून पाठवणार म्हणून? त्यातून जावं की.

हिशेबनीस

तो 2024 चा करार कुशल कामगारांसाठी आहे. इलेक्ट्रिशियन, परिचारिका, चालक वगैरे. मास्टर्सचा त्याच्याशी संबंध नाही. तुम्ही वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

परतलो_पुन्हा

धोटा, एक विचारतो. पदवी झाल्या झाल्या ऑक्टोबरला जायलाच हवं का? पदवीनंतर वर्षभर घरचे माग बघ, सोबत बी1 कर आणि मग अर्ज टाक. कामाचा अनुभवही जमेल. मला परत संधी मिळाली तर मी हेच करेन.

ऱ्हाइनकाठचा

यावर माझं थोडं वेगळं मत. वर्षभर घरी बसलेल्यांपैकी निम्मे अभ्यासात नाही, लग्नाच्या बोलण्यांत अडकतात. पण बी1 शिवाय येऊ नको, यावर परतलोशी शंभर टक्के सहमत. डिसेंबरपर्यंत ए2 झालं तर यंदा अर्ज, नाहीतर पुढच्या वर्षी. अशी रेघ आत्ताच मार.

धोटा

सगळ्यांचे आभार. काल कोल्हापूरला जाऊन चौकशी केली, सोमवारपासून वर्ग सुरू होतोय. कन्सल्टन्सीला नाही सांगितलं. एपीएसचे कागद गोळा करतोय, पाचव्या सेमिस्टरची मार्कलिस्ट सापडत नाहीये, ती बहुतेक सायझिंगच्या बिलांच्या फायलीत गेली आहे. डिसेंबरची रेघ भिंतीवर लिहिली.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं की जर्मनीत आगगाडीला 'चूक' म्हणतात. ते जरा थांबून म्हणाले, मग तिकडे चूक वेळेवर होते म्हणायची.

ऱ्हाइनकाठचा

बाबांना सांग, हल्ली तीही चाळीस मिनिटं उशिरा होते.