बातम्यांना मनाई आहे, स्थानिक माहितीला नाही
कोल्हापूरच्या टोमॅटो एफएमसारख्या खासगी वाहिन्या दिवसभर गाणीच लावतात आणि गावाच्या बातम्या देत नाहीत, अशी तक्रार होते; तिच्याबाबत थोडे सांगतो. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या प्रसारित करण्याची परवानगीच नाही; केंद्र सरकारच्या २०११ च्या खासगी एफएम परवान्यांच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवण्याची मुभा तेवढी दिली. त्यामुळे बातम्या नसल्याचा दोष वाहिनीच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

मात्र त्याच धोरणाने वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, प्रवेश, वीज-पाणीपुरवठा आणि नैसर्गिक आपत्ती यांविषयीची माहिती बातम्यांच्या व्याख्येतून वगळली आहे, आणि प्रादेशिक वाहिनीचे खरे काम तिथेच आहे. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीवरून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागते, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडतात, तेव्हा कोणता रस्ता बंद झाला हे निवेदकाने दोन गाण्यांच्या मध्ये सांगितले, तर शिरोळ-करवीर तालुक्यांतल्या श्रोत्याला त्याहून उपयोगी कार्यक्रम दुसरा नाही. त्यासाठी निवेदक मात्र गावातच बसलेला हवा. एका केंद्रावरून अनेक शहरांना एकच कार्यक्रम पुरवला की खर्च वाचतो, पण नेमकी हीच माहिती गळते.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. लातूर, चंद्रपूर, नंदुरबार ही शहरे त्यात आहेत, म्हणून परवान्यातच रोजच्या स्थानिक निवेदनाचे किमान तास ठरवून द्यावेत, असे मला मनापासून वाटते.