व्हिम या टेक्स्ट एडिटरमधनं स्क्रिप्टला व्हेरिएबल कसं द्यायचं?

सांगलीकर: मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्याचे भाव व्हिममध्ये टाईप करतो आणि तिथनंच पायथन स्क्रिप्ट चालवतो, पण लेटनं (व्हेरिएबलमध्ये किंमत ठेवायची व्हिमची कमांड) ठेवलेली तारीख स्क्रिप्टला दिसतच नाय, आणि तिनं काढलेली सरासरी परत व्हिममध्ये कशी आणायची?

मिरजकर: भावा, साधं लेट व्हिमच्या आतच राहतंय. नावाआधी डॉलर लाव, ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल होतंय, मग त्यानंतर सुरू होणाऱ्या चाइल्ड प्रोसेसला, म्हणजे व्हिमनं चालवलेल्या तुझ्या स्क्रिप्टला, त्याची कॉपी मिळते. पायथनमध्ये ओएस डॉट एन्व्हायरनमधनं वाच.

कराडकर: पण कॉपीच हाय ती, स्क्रिप्टनं बदलली तरी व्हिमला पत्ता लागणार नाय. सरासरी प्रिंट कर, स्क्रिप्ट व्हिमच्या सिस्टिम फंक्शननं चालवून ती पकड, शेवटची न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) ट्रिम फंक्शननं काढ.

सांगलीकर: चाललं की! आकडा पाठवला तर?

मिरजकर: स्ट्रिंगच (मजकूर म्हणूनच) पोचते, तिकडं पायथनमध्ये फ्लोट, म्हणजे दशांश आकडा, करून घे.